गाडीच्या एसीत गॅस भरून देणारी सेवा: कोकणात कुठे भरून घ्यावा आणि भरूनही गार होत नसेल तर काय बघावं

महाडपासून सावंतवाडीपर्यंत मुंबई-गोवा हायवेला ‘कार एसी, गॅस भरून मिळेल’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. कामाच्या पद्धती मात्र तीनच. पहिली हातगेजची: मिस्त्री गेज, नळ्या आणि सिलिंडर घेऊन येतो आणि अंदाजाने भरून देतो. दुसरी ऑटोमॅटिक मशीनची: मशीन जुना गॅस ओढून घेतं, त्याचं वजन करतं आणि नवा ग्रॅमवर भरतं. अशी मशीन्स बहुतेक चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळकडच्या मोठ्या वर्कशॉपमध्ये सापडतात. तिसरी घरच्या अंगणातली: ऑनलाइन मागवलेला छोटा डबा आणि एक नळी. या तिन्ही पद्धतींचं हे परीक्षण आहे.

मत आधीच सांगतो. गाडीतून किती ग्रॅम गॅस निघाला आणि किती ग्रॅम भरला, हे दोन आकडे जिथे मिळतात तिथेच काम करून घ्यावं. दुकान चकाचक आहे की पत्र्याच्या शेडमध्ये आहे, याने फरक पडत नाही.

बॉनेट उघडलं की समोरच्या पट्टीवर किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं, उदाहरणार्थ आर-१३४ए, ४२० ± २० ग्रॅम. छोट्या हॅचबॅकला साधारण ३०० ते ४५० ग्रॅम लागतो, सेडानला ४५० ते ५५०, आणि मागच्या सीटसाठी वेगळी कूलिंग कॉइल असलेल्या सात सीटर गाड्यांना ७०० ते ९०० ग्रॅमपर्यंत. कंपनीने वीस ग्रॅमची सूट दिलेली असताना हातगेजवर पन्नास-साठ ग्रॅमची चूक सहज होते. चारशेच्या सिस्टिममध्ये पन्नास ग्रॅम म्हणजे आठवा हिस्सा.

चूक होते कारण गेज दाब दाखवतं, वजन दाखवत नाही. घरातला स्वयंपाकाचा सिलिंडर भरलेला असो की तळाला आलेला, शेगडीची ज्योत तशीच पेटते. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तोच राहतो. एसीतही हेच. इंजिन बंद आणि गार असताना ३० अंशाला आर-१३४एचा दाब ९७ पीएसआयच्या आसपास असतो, ३५ अंशाला ११४च्या आसपास. गॅस पूर्ण असो की निम्मा, काटा तिथेच उभा. म्हणून बंद गाडीला गेज लावून कोणी ‘गॅस कमी झालो हा, मारून देतंय’ म्हणाला, तर तो अंदाज आहे. काटा ५०-६०वर असेल तरच आतला बहुतेक गॅस गेला असं छातीठोक म्हणता येतं. उलट ३२ अंशाला काटा १३० दाखवत असेल, तर आत गॅसबरोबर हवा अडकली आहे. हवा थंड होऊन द्रव होत नाही, कंडेन्सरमध्ये (गरम गॅस गार करून त्याचा द्रव करणाऱ्या पुढच्या जाळीत) नुसती जागा अडवून बसते.

चालू गाडीतला दाबही बाहेरच्या उष्णतेवर, दमटपणावर, पंख्यावर आणि इंजिनच्या आरपीएमवर हलतो. सकाळी सात वाजता दापोलीत आणि दुपारी दोन वाजता कुडाळात तेवढाच गॅस वेगळे आकडे दाखवेल. लो साइड (कंप्रेसरकडे परत येणारी कमी दाबाची बाजू) २५ ते ४५ आणि हाय साइड (कंप्रेसरमधून निघणारी जास्त दाबाची बाजू) १५० ते २५० ही तपासायची चौकट आहे, भरायचं माप नव्हे.

मशीनचा खरा फायदा भरण्यापेक्षा काढण्यात आहे. ४२०च्या गाडीतून ३९० निघाले, तर गॅस कमी नव्हताच. दोष दुसरीकडे शोधायचा. २०० निघाले, तर लिकेज आहे, आणि ते सापडल्याशिवाय नवा गॅस भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. ५०० निघाले, तर आधी कोणीतरी डोळे मिटून टॉप-अप केलेला आहे. टॉप-अप करून देणारा मिस्त्री हा पहिला आकडा मिळूच देत नाही, आणि आमच्या लेखी त्याच्या सेवेतली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. काही जण जुना गॅस नळी सैल करून हवेत सोडून देतात. आर-१३४ए हा हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट भारी आहे. चारशे ग्रॅम सोडले की साडेपाचशे किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं.

तरीही हातगेजवाल्याला सरसकट नापास करणं अन्यायाचं होईल. डिजिटल वजनकाट्यावर सिलिंडर उभा करून भरणारा, जवळ दोन टप्प्यांचा व्हॅक्यूम पंप आणि नायट्रोजनची बाटली ठेवणारा मिस्त्री आम्हाला मशीनसमोर बटणं दाबायला बसवलेल्या नवख्या पोरापेक्षा केव्हाही पसंत. मशीन गाडीचं मॉडेल निवडून आकडा उचलतं, पण डबल कॉइलवाल्या गाडीला सिंगलचा आकडा निवडला गेला तर तेही मुकाट्याने दीड-दोनशे ग्रॅम कमी भरतं. स्टिकर आणि स्क्रीनवरचा आकडा जुळतो की नाही, हे स्वतः उभं राहून बघावं. मशीनवर साधारण दीडपट ते दुप्पट पैसे पडतात आणि ते योग्य आहेत.

आता व्हॅक्यूम, म्हणजे गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि पाणी ओढून काढणं. कोकणात सगळ्यात जास्त घाई याच पायरीवर होते, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होतं. सिस्टिम उघडली की समुद्राची दमट हवा आत शिरते. कंप्रेसरमधलं पीएजी तेल हवेतलं पाणी मिठासारखं ओढून घेतं. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होतं, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. हे पाणी बाहेर काढायचं तर ते आतल्या आत उकळवावं लागतं. ३० अंशाला पाणी उकळायला जवळजवळ २८.७ इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम लागतो. किनाऱ्यावर चांगला पंप २९च्या वर जातो. २६-२७वर अडकलेला पंप हवा काढतो, पण पाणी आतच ठेवतो. पंपाच्या काचेतून त्याचं तेल बघा: पारदर्शक मधासारखं हवं. ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर पंपाच्या तेलातच पाणी आहे आणि तो खोल ओढू शकत नाही. पावसाळ्यात हे तेल वरचेवर बदलावं लागतं. (आंबोलीत, सुमारे ७०० मीटर उंचीवर, हवेचा दाबच कमी असल्याने काटा साडेसत्ताविसाच्या पलीकडे जाणार नाही, तिथे पंपाला दोष देऊ नये.)

कोरड्या गावात वीस मिनिटं पुरत असतील, पण इथे निदान पाऊण तास द्यावा. सिस्टिम दिवसभर उघडी राहिली असेल तर तासभर, आणि ड्रायर (आतलं पाणी शोषणारा भाग) नवा. अनेक नव्या गाड्यांत ड्रायर वेगळा दिसत नाही, कंडेन्सरच्या बाजूच्या नळकांड्यात एक पिशवी असते. पंप बंद करून, व्हॉल्व्ह आवळून पंधरा मिनिटं काटा हलतो का बघतात, ते करावंच, पण त्यावर समाधान मानू नये. व्हॅक्यूममध्ये बाहेरची हवा रबरी ओ-रिंगला आत दाबते, त्यामुळे सैल जोडही घट्ट वाटतो. तोच जोड चालू गाडीत २०० पीएसआयच्या दाबाने बाहेर ढकलला जातो आणि गळू लागतो. म्हणून कोरड्या नायट्रोजनने १५० पीएसआय भरून अर्धा तास थांबणं ही खरी परीक्षा. टायरचा हवेचा कंप्रेसर लावून ही परीक्षा करणाऱ्याच्या हाती गाडी देऊ नका. त्या हवेत पाणी असतं, शिवाय दाबाखाली हवा आणि आर-१३४ए यांचं मिश्रण पेट घेऊ शकतं.

लिकेज कोकणात कुठे असतं, याचा क्रम बऱ्यापैकी ठरलेला आहे. सर्वांत आधी पुढचा कंडेन्सर. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्या, त्यांवर खारा वारा, लाल धूळ आणि चार महिने ओल. मिरकरवाडा, हर्णै, मालवणसारख्या बंदरांजवळ रोज उभ्या राहणाऱ्या, किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ फेरीबोटीवर नेहमी चढणाऱ्या गाड्यांचे कंडेन्सर बघा: खालच्या कोपऱ्यातल्या जाळीला बोट लावलं की ती जुन्या पापडासारखी भुगा होऊन पडते. गॅस जिथून निसटतो तिथून तेलही झिरपतं, तेलावर जांभ्याची धूळ बसते आणि लालसर-काळपट ओला डाग तयार होतो. बाकी जाळी कोरडी आणि एक डाग ओला, म्हणजे जागा सापडली. ॲल्युमिनियमच्या या सपाट नळ्या झाळून फार टिकत नाहीत. कंडेन्सर बदलावा आणि त्याबरोबर साधारण ३० मिली तेल भरावं, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा.

डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल गळत असेल तर ती दिसत नाही. त्यासाठी यूव्ही डाय (गॅसबरोबर आत सोडायचा, टॉर्चखाली चमकणारा रंग) आणि निळा टॉर्च किंवा गॅस हुंगणारा डिटेक्टर लागतो. पाण्याच्या निचऱ्याच्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरला की बरंच कळतं. कॉइलच्या संशयावर डॅशबोर्ड उतरवायला सांगणाऱ्याकडे आधी हा पुरावा मागा. डॅशबोर्ड उतरवणं दिवसभराचं काम असतं, आणि उतरवलेला डॅशबोर्ड पूर्वीसारखा न वाजता बसवणं प्रत्येकाला जमत नाही.

आणि सगळ्यात स्वस्त लिकेज: ज्या दोन तोंडांतून गॅस भरला, तीच तोंडं. आत सायकलच्या ट्यूबसारखा छोटा व्हॉल्व्ह असतो. कपलर (नळीचं जोडायचं टोक) काढताना तो कधी नीट बसत नाही, कधी वाळूचा कण अडकतो. गॅस भरून झाल्यावर तोंडावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब टाका आणि मिनिटभर बघत राहा. गळत असेल तर फसफसत नाही, एकच बुडबुडा अगदी सावकाश फुगतो, फुटतो, पुन्हा फुगायला लागतो. एवढ्या गळतीने दीड-दोन महिन्यांत एसी निम्म्यावर येऊ शकतो. व्हॉल्व्ह बदलायला दहा मिनिटं पुरतात. वरच्या प्लास्टिकच्या टोप्या शोभेच्या नाहीत, आत रबर असलेली ती दुसरी सील आहे. टोप्या न लावता गाडी परत देणारं दुकान आम्ही एका पायरीने खाली उतरवतो.

गॅस भरून आणला आणि तरी गार नाही, अशी तक्रार असेल तर ती कशी आहे यावरून पुढचा तपास ठरतो.

गाडी पळताना गार आणि फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली की कोमट, तर पहिला संशय पंख्यावर. एसी चालू केला की पुढचा पंखा काही सेकंदांत फिरायला हवा आणि दाब वाढला की वेगाने. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, पंख्याच्या मोटारीचे कार्बन. पंखा ठीक असूनही हाय साइड ३००च्या वर असेल तर कंडेन्सरवर मगभर साधं पाणी ओता. दाब झटकन उतरला आणि हवा गार झाली, तर उष्णता बाहेर पडायला अडचण आहे: जाळी चोंदली आहे किंवा गॅस जास्त झाला आहे. जास्त भरलेल्या गाडीत दोन्ही काटे वर असतात, लो साइड ५५-६०, आणि कंप्रेसर धापा टाकल्यासारखा चालू-बंद होतो. अशा वेळी ‘थोडा सोडून बघू’ हा उपाय नव्हे. सगळा काढा, वजन करा, पुन्हा व्हॅक्यूम, पुन्हा मोजून भरा. आत शिरलेली हवाही तेव्हाच निघते.

पंधरा-वीस मिनिटं छान गार, मग गरम, गाडी थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा गार: ही तक्रार सगळ्यात चुकीच्या पद्धतीने दुरुस्त केली जाते. कारणं तीन असतात आणि तिघांची खूण वेगळी आहे. ब्लोअरचा वारा जोरात येतोय पण गरम, आणि लो साइडचा काटा शून्याच्याही खाली गेलाय, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) बारीक भोकात पाण्याचा बर्फ झालाय. म्हणजे व्हॅक्यूम अर्धवट राहिला. तोच मिस्त्री, तोच पाऊण तास, नवा ड्रायर. वाराच मंदावत गेला, तर बर्फ कूलिंग कॉइलच्या बाहेरून चढतोय. तिथे तापमान मोजणारा सेन्सर जागेवरून निसटलेला असतो, बिघडलेला असतो, किंवा केबिन फिल्टर चोंदलेला असतो. लाल मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर दहा हजार किलोमीटरची वाट बघत नाही. तिसरी खूण बॉनेट उघडून बघायची: कंप्रेसरच्या पुलीपुढची थाळी फिरायची थांबलीय, पण क्लचला (थाळी पुलीला चिकटवून कंप्रेसर फिरवणाऱ्या चुंबकाला) करंट येतोय. क्लचची कॉइल तापली की चुंबकाची ओढ कमी होते आणि झिजलेला क्लच अंतर ओलांडू शकत नाही. ही फट साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी. अनेक गाड्यांत आतली पातळ वॉशर काढून ती कमी करता येते, नवा कंप्रेसर घ्यायची गरज नसते. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाडीत मात्र पुलीचं बेअरिंगही हाताने फिरवून तपासावं. (ज्या गाड्यांत कंप्रेसर सतत फिरतो आणि क्लचचा ‘टक’ आवाज येत नाही, त्यांत कंट्रोल व्हॉल्व्ह बघायचा.)

दोन्ही काटे इंजिन चालू असूनही जवळजवळ सारखे, तर कंप्रेसर दाब तयारच करत नाही. फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळचा) जाड पाइप बर्फासारखा थंड, घामाने निथळतोय, पण आत १८-२० अंशांची हवा, तर गॅसचं काम झालेलं आहे. गरम-थंड मिसळणारा फ्लॅप अडकलाय. या तक्रारीवर पुन्हा गॅस विकत घेणारे लोक बघितले की वाईट वाटतं.

एक गोष्ट सक्त टाळायची. गॅस खूप कमी झाला, दाब साधारण २८ पीएसआयच्या खाली गेला, की प्रेशर स्विच कंप्रेसर सुरूच होऊ देत नाही. काही जण त्या स्विचला वायरचा तुकडा लावून कंप्रेसर जबरदस्तीने फिरवतात. एसीचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि काही मिनिटांत आतली ॲल्युमिनियमची घासण सगळ्या पाइपांत पसरते. नळीतून काळं, चकाकणारं तेल निघालं तर गॅस भरायचा विचार सोडा. तेव्हा कंप्रेसर, ड्रायर आणि कंडेन्सर तिन्ही जातात, कारण सपाट नळ्यांचा कंडेन्सर धुऊन साफ होत नाही.

निकाल लावायला एक थर्मामीटर पुरतो. दारं-काचा बंद, आतलीच हवा फिरवायचं बटण चालू, ब्लोअर मध्यावर, १,५०० आरपीएम, दहा मिनिटं, थर्मामीटरची काडी डॅशबोर्डवरच्या मधल्या जाळीत. ३२-३४ अंशांच्या दमट दुपारी ८ ते १२ अंश मिळाले तर काम उत्तम. १५च्या वर असेल तर बिल देण्याआधी बोला. इथे एसीची बरीचशी ताकद हवेतल्या वाफेचं पाणी करण्यात जाते, त्यामुळे घाटावरच्या मित्राच्या गाडीत ६ येतात म्हणून भांडू नये. त्या पाण्याकडेही लक्ष ठेवा. चांगला एसी इथे गाडीखाली चांगलं थारोळं करतो. थारोळं नाही आणि पायाखालचं मॅट ओलं, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

ऑनलाइनचा डबा घेऊच नका. त्यात व्हॅक्यूम नाही, वजन नाही, फक्त लो साइडचं एकच गेज आहे. डबा उलटा धरला तर द्रव थेट कंप्रेसरमध्ये जातो. काहींत लिकेज बुजवणारं रसायन असतं. ते व्हॉल्व्हही बुजवतं, आणि ते घातलेली गाडी चांगलं वर्कशॉप आपल्या मशीनला जोडून घेत नाही.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचा कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो. त्यात वीज न वाहू देणारं पीओई तेल लागतं, साधं पीएजी चालत नाही. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो, त्याचे कपलर वेगळे आणि तो सौम्य ज्वलनशील. या दोन्हींसाठी कंपनीचं वर्कशॉपच गाठावं, लांब पडलं तरी.

बिलावर निघालेला गॅस, भरलेला गॅस, घातलेलं तेल, व्हॅक्यूमची मिनिटं आणि जाळीतलं तापमान लिहून मागा. मशीन असेल तर स्क्रीनचा फोटो काढा. पुढच्या मेमध्ये पुन्हा गॅस काढायची वेळ आली तर ४२० भरलेल्यापैकी किती उरले, हे त्या फोटोवरून पाच मिनिटांत कळतं.